कादंबरीतला नवरा

खऱ्या माणसावर कादंबरी लिहू नये, आणि लिहिलीच तर त्याची बायको हयात आहे का, एवढी चौकशी तरी आधी करावी. कादंबरीकाराने ती सगळ्यात शेवटी केली. कवी जाऊन बरीच वर्षं झाली होती, चौकाला त्यांचं नाव होतं, पुतळ्यावर कावळे बसत होते. असा माणूस आता पुरता आपल्या मालकीचा झाला, असं त्याने धरून चाललं होतं. पण प्रकाशकाने निक्षून सांगितलं, "काकूंची सही आणा. त्याशिवाय एक पान छापणार नाही."

काकू म्हणजे कवींची पत्नी, आणि त्या चांगल्या खणखणीत होत्या. हस्तलिखित वाचून त्यांनी बोलावणं धाडलं, तेव्हा कादंबरीकाराने घाईघाईने आपली प्रत उघडली. सातव्या प्रकरणात त्याने कवींना एका नटीच्या प्रेमात पाडलं होतं. पुरावा काडीचा नव्हता. पण लफड्याशिवाय कवी रंगायचा कसा? आता त्या नटीपायी इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

"भोगा आता!" त्याची बायको म्हणाली. "मेलेल्या माणसाच्या गळ्यात बाई बांधायला कुणी सांगितलं होतं?"

काकूंच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा होता आणि मधल्या एका पानाला केसांची पिन लावलेली होती. चोराच्या मनात चांदणं! काकूंनी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "काकू, ती नटी मी काढून टाकतो."

"का बरं? राहू दे की. बरी आहे बिचारी." काकूंनी चष्मा पुसला. "मला तर हसूच आवरेना. हे म्हणे तिच्यासाठी तीन जिने चढतात! अहो, माळ्यावरची बॅग काढायची झाली तरी मला हाक मारायचे."

"मग ती पिन?"

"ती बाराव्या प्रकरणाला. हे पहाटे उठून माझ्यासाठी चहा करतात, तिथे."

हे पान त्याचं लाडकं होतं. ते वाचून प्रकाशकाचेही डोळे भरून आले होते.

"हे आधी दूध उकळतात," काकू म्हणाल्या, "मग त्यात पाणी ओततात, आणि चहाची पूड सगळ्यात शेवटी, कपात, वरून भुरभुरवतात. तुम्ही आयुष्यात कधी चहा केलाय?"

कवींच्या शाईचा रंग, चपलांचं माप, दातांच्या डॉक्टरचं नाव, सगळं त्याने खणून काढलं होतं. चहाचा शोध घ्यावा असं मात्र डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या घरी तो आपोआप समोर येई.

"नाही," तो म्हणाला.

"यांनीही नाही. गॅस कुठून पेटवतात, ते यांना जाईपर्यंत कळलं नाही."

"मग ते पान काढतो."

"खबरदार!" काकू एवढ्या जोरात म्हणाल्या की तो खुर्चीत दचकला. "चहा शिकून घ्या आणि तेवढं दुरुस्त करा. बाकी एका शब्दाला हात लावायचा नाही. मी ते पान रोज वाचते."

त्याला फार वाईट वाटलं. आपल्या बायकोचीही आठवण झाली, जरा अडचणीचीच. त्याने पेन पुढे केलं. काकूंनी ते घेतलं, पण सही करेनात.

"जे झालंच नाही, तेही तुम्हाला लिहिता येतं ना?"

"येतं, काकू."

"मग एक करा. धाकटीच्या वेळी मी दवाखान्यात अडले होते आणि हे कविसंमेलनाला निघून गेले, असं तुम्ही लिहिलंय. अख्ख्या पुस्तकात तेवढंच एक खरं आहे." त्या खिडकीकडे बघत राहिल्या. "त्या दिवशी यांची गाडी चुकवा."

"चुकवतो," तो म्हणाला.

काकू सही करायला वाकल्या. "आणि दवाखान्यात आल्यावर कविताबिविता म्हणायला लावू नका हं. नुसतं बसू दे त्यांना माझ्याजवळ."