माझ्या खांद्यावरच्या अकरा खापऱ्या

मी एक जुना माठ आहे. एकसंध असल्याचा माझा दावा नाही. नीट बघाल तर अंगभर चिकटवल्याच्या रेघाच रेघा दिसतील, आणि पाणी भराल तर पाच मिनिटांत ते जमिनीवर दिसेल. शाळेत 'माठ' कोणाला म्हणतात तेही मला ठाऊक आहे, तेव्हा हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मग मात्र मित्रांनो, मी सांगतो ते कान देऊन ऐका, आणि माझ्यावरही पटकन विश्वास ठेवू नका. मी कोणावरच ठेवत नाही.

संशय माझ्या मातीतच आहे. कुंभाराने मला चाकावरून उतरवून थापटलं, वाळल्यावर टिचकी मारली, भट्टीतून निघाल्यावर पुन्हा टिचकी मारली आणि वर कान लावून ऐकलं. ज्याला जन्मापासून टिचक्या मारून 'पक्का आहेस ना रे?' असं विचारलं गेलं, तो दुसऱ्याला बरा सोडेल! विकत घेणाऱ्यानेही टिचकी मारली. शाळेच्या शिपाईकाकांनी तर तीन मारल्या.

माझी उमेदीची वर्षं त्या शाळेच्या व्हरांड्यात, लाकडी तिवईवर गेली. काका रोज सकाळी मला भरत, पोटाला ओलं फडकं गुंडाळत. खेळून आलेली मुलं पेल्यामागून पेले रिचवायची आणि "माठाचं पाणी ते माठाचं पाणी" म्हणायची. कौतुक कोणाला नको असतं? मलाही हवं होतं. पण माझी नजर असायची ती उष्टा पेला बुडवणाऱ्यांवर. तोंडं अगदी सोज्वळ असायची हो त्यांची.

मग भिंतीला नळवालं थंड पाण्याचं यंत्र लागलं आणि माझी रवानगी मागच्या अंगणात, सायकलींच्या शेजारी झाली. एका चेंडूने माझ्या पोटाला तडा दिला. आत एका पालीने बिऱ्हाड केलं. ती चुकचुकली की मला वाटायचं, बघा, हिलाही शंका येतेय. अशी सात वर्षं गेली. कोणी ढुंकून पाहिलं नाही.

आणि एक दिवस इतिहासाच्या नव्या बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी टिचकी मारली, माझ्या खांद्यावरून हात फिरवला आणि गोड हसल्या.

"काका, हा कोणाला लागतो का?"

"छे हो बाई. फुटका आहे तो."

"फुटका नाही पुरायचा. चांगला फोडावा लागेल."

मी त्यांच्या हसण्यावर भाळलो नव्हतो, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवा.

आठवीच्या वर्गाला त्या प्राचीन ग्रीकांचा इतिहास शिकवायला घेणार होत्या. मधल्या सुट्टीत त्यांनी मला वर्गाबाहेर गोणपाटात गुंडाळलं आणि हातोडीचे मोजून सहा घाव घातले. दुखलं का म्हणाल, तर दुखलं. पण गंमत अशी, की तुकडे झालो तरी प्रत्येक तुकड्यात मी होतोच. गोणपाटाच्या पोत्यात माझा खांदा वर, पोट मध्ये, तळ खाली, असा मी जागच्या जागी पडून होतो. बाई हात धुवायला गेल्या आणि पोत्यात एक हात शिरला.

तो हात वर्गाच्या कॅप्टनचा होता. पुढच्या तासाला खापरीवर नाव कोरून मत द्यायचा खेळ आहे, हे तयारीसाठी बाईंनी त्यालाच आधी सांगितलं होतं. वर्गशिक्षकांनी नेमलेला हा मुलगा उंच, हसरा आणि सगळ्यांच्या पुढे असायचा. त्याने वरच्या वर दोन मुठी भरून खापऱ्या उचलल्या आणि जिन्याखाली जाऊन बसला. कर्कटकाच्या टोकाने त्याने माझ्या अंगावर कोरायला सुरुवात केली. एक झाली की दुसरी. शब्द तोच, शिरोरेघ तशीच उजवीकडे वर चढलेली, उकाराची शेपटी तशीच लांब ओढलेली. अकरा खापऱ्यांवर त्याने अकरा वेळा एकच नाव कोरलं: घुमी.

घुमी म्हणजे ऑफिसातल्या बाईंची मुलगी. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण ती फार बोलायची नाही म्हणून वर्गाने हे ठेवलं होतं. आठवड्यापूर्वी गणिताच्या चाचणीत निम्म्याअधिक वर्गाने एकमेकांचं बघून लिहिलं होतं. गणिताच्या सरांनी चाचणी रद्द करून पुन्हा घेतली, आणि दुसऱ्या खेपेला बऱ्याच जणांचं पितळ उघडं पडलं. सरांना सांगितलं कोणी? वर्गाने मनाशी ठरवून टाकलं. जिची आई मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी बसते तिने. आणि ती एकटीच तर होती, जिने कोणाचं बघितलं नव्हतं.

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. उथळ पाण्याला खळखळाट फार, म्हणून जे पाणी खळखळत नाही त्याच्यावर माझी आधीपासून नजर. गोगलगाय आणि पोटात पाय, असं मी तिच्याबद्दल मनात म्हटलं. जिन्याखालचा तो हात मी ओळखला होता, तरी मला त्यात काही वावगं दिसलं नाही. याची मला आज लाज वाटते.

तास सुरू झाला. बाई सांगू लागल्या. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीकांचं अथेन्स नावाचं शहर होतं. तिथे राजा नव्हता. नागरिक चौकात जमून कारभार ठरवायचे. त्यात बायका आणि गुलाम धरलेले नसत, हेही बाईंनी सांगितलं, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी "मग कसले ते सगळे नागरिक?" असं पुटपुटली. राजा नको म्हणून त्या लोकांना एकच धास्ती असायची, की आपल्यातलाच कोणी डोईजड होईल आणि मानगुटीवर बसेल. त्यासाठी त्यांनी एक रीत काढली होती. वर्षातून एकदा विचारायचं, अशी वेळ आली आहे का? आली असेल तर ठरल्या दिवशी ज्याने त्याने फुटक्या भांड्याच्या तुकड्यावर एक नाव कोरून आणायचं. सहा हजार खापऱ्या जमल्या, तर ज्याचं नाव सगळ्यांत जास्त त्याने दहा वर्षं शहराबाहेर जायचं. ना खटला, ना गुन्हा सांगणं. घरदार जप्त होत नसे. दहा वर्षांनी तो परत येऊ शकत असे.

"आज आपण अथेन्स," बाई म्हणाल्या. "दहा वर्षं काही जमायची नाहीत, दहा दिवस धरू. ज्याचं नाव जास्त, त्याने दहा दिवस माझ्या तासाला नकाशांच्या खोलीत बसायचं. काम मी देईन."

वर्ग खिदळला. बाईंना तो खेळ वाटला. पोतं फिरलं, प्रत्येकाने खापरी घेतली. पण अकरा जणांनी घेतलेली खापरी हळूच पोत्यात परत सोडली आणि खिशातून दुसरी काढली. जिन्याजवळ कॅप्टनने ती त्यांच्या हातात देताना एवढंच म्हटलं होतं, "ही टाक. डोकं नको चालवूस."

एकेचाळीस मतं पडली. बाईंनी मोठ्याने मोजली. घुमीला एकोणीस. कॅप्टनला नऊ. बाकीची इकडेतिकडे. एकाने माणसाऐवजी 'गणित' असं लिहिलं होतं. आणि एका खापरीवर बारीक अक्षरात होतं, 'कोणी नाही'. ती कोणाची ते मला माहीत होतं, कारण कोरणारी बोटं माझ्याच अंगावर होती. ती घुमीची होती. तिथे माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली, आणि या वेळी ती घुमीच्या नावाने नव्हती. एकोणिसातून अकरा वजा केले तर उरतात आठ. म्हणजे जिन्याखाली कोणी बसलं नसतं तर नकाशांच्या खोलीत कॅप्टन गेला असता. वर्गातल्या नऊ जणांना तोच डोईजड वाटत होता.

पण माठाला तोंड असतं, जीभ नसते. घुमीने दप्तर उचललं आणि ती गेली. बाईंचा चेहरा जरा उतरला. त्यांनी शब्द दिला होता, तो त्यांनी पाळला.

बाईंची शिक्षा एका तासाची होती. वर्गाने ती दिवसभराची केली. डब्याला कोणी तिच्याजवळ बसेना. तिने पट्टी मागितली तर शेजारणीने पट्टी खिशात घातली. चौथ्या दिवशी तिची आई डबा द्यायच्या निमित्ताने नकाशांच्या खोलीत आली, तेव्हा घुमी म्हणाली, "आई, मला दुसऱ्या शाळेत घाल."

"अगं, तू सांगितलंस का सरांना? तसं असेल तर मला सांग. मी रागावणार नाही."

"तूसुद्धा विचारतेस?"

आईने डबा टेबलावर ठेवला. "तीन दिवस थांब," एवढंच म्हणाली, "मग अर्ज लिहू." मी सगळ्यांवर संशय घेत आलो, पण सख्ख्या आईच्या तोंडून तो ऐकताना मला कसंतरीच झालं.

नकाशांच्या खोलीत बाईंनी तिला काम दिलं होतं ते मला जोडण्याचं. जुनी भांडी सापडतात तेव्हा संग्रहालयातली माणसं तुकड्याला तुकडा लावून ती उभी करतात, तसं. शिपाईकाकांनी चिकटवायची ट्यूब आणि रेती भरलेलं घमेलं आणून दिलं. तुकडा चिकटवून रेतीत रोवून ठेवायचा, म्हणजे तो हलत नाही. घुमी आधी कडा बघायची, मग जाडी, मग बोटाने वळण. नाव कोणाचं कोरलंय तिकडे ती बघतच नसे. तिने तळ जोडला, पोट जोडलं. त्यात 'गणित' कुठे, कॅप्टनचं नाव कुठे, असं विखुरलेलं होतं, कारण पोतं वर्गभर फिरताना खालचे तुकडे एकमेकांत मिसळले होते.

सहाव्या दिवशी ती खांद्यावर आली. एक तुकडा बसला, त्यावर घुमी. शेजारचा शोधला, घुमी. त्याच्या शेजारचा, घुमी. तिचा हात थांबला. मग ती भराभर लावत गेली. वरच्या वर उचललेल्या त्या दोन मुठी माझ्या खांद्याला पुन्हा जागच्या जागी बसत गेल्या. अकरा तुकडे एका रांगेत, मध्ये दुसरं एकही नाव नाही. अकरा चढत्या शिरोरेघा, अकरा लांब शेपट्या.

बाई आल्या तेव्हा तिने मला नुसतं त्यांच्याकडे वळवलं.

बाईंनी त्या रांगेवरून बोट फिरवलं, आणि परत फिरवलं. मग त्या स्टुलावर बसल्या.

"पोत्यातून एकेकाने एकेक काढला असता तर हे असे शेजारी शेजारी आले नसते," त्या हळू म्हणाल्या. "आणि अक्षर तर एकाचंच आहे. मी मतं मोजली गं. हात मोजले नाहीत."

त्यांनी तिथल्या तिथे सगळा वर्ग बोलावला. गणिताच्या सरांनाही बोलावलं. मुलं दाटीवाटीने उभी राहिली. बाई म्हणाल्या, "अथेन्समध्ये एका विहिरीत जवळजवळ दोनशे खापऱ्या सापडल्या. सगळ्यांवर एकाच माणसाचं नाव, आणि अक्षर जेमतेम चौदा हातांचं. कोणीतरी आधीच लिहून वाटायला ठेवल्या असाव्यात. हे मी तुम्हाला पुढच्या तासाला सांगणार होते. आधी सांगायला हवं होतं. माझा क्रम चुकला, आणि तो हिने भोगला. मी हिची माफी मागते."

शिक्षक माफी मागताना मी त्याआधी पाहिले नव्हते. वर्गानेही नसावेत. सगळ्यांच्या नजरा कॅप्टनकडे वळल्या.

"सगळेच म्हणत होते, बाई," तो म्हणाला. "मी फक्त लिहून दिलं."

मग गणिताचे सर घसा खाकरून म्हणाले, "मला कोणी काही सांगितलं नव्हतं रे. सातव्या गणितात तुमच्यापैकी सतरा जणांनी सात त्रिक चोवीस केलं होतं. ते कळायला चहाडखोर कशाला लागतो?"

एवढ्यात मागून आवाज आला, "बाई, मग कॅप्टनला काढा दहा दिवस." लगेच चार जणांनी री ओढली. मित्रांनो, ही चारही तोंडं मी ओळखत होतो. आठवड्यापूर्वी खिशातून खापरी काढणारे हेच होते. बाईंनी घुमीकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "यांना फक्त कोणीतरी लागतं."

दुसऱ्या दिवशी तिची आई ठरल्याप्रमाणे अर्ज लिहून घेऊन आली. घुमीने तो वाचला, घडी घातली आणि आईच्या पर्समध्ये परत ठेवला. आई तिला "चुकलंच माझं" म्हणाली. घुमी वर्गात गेली. शेजारणीने पट्टी मधोमध ठेवली. एवढ्यावर सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही, मी पडलो संशयी. पण ती शाळा सोडून गेली नाही, हे मात्र खरं.

मी जोडून पूर्ण झालो तेव्हा बाईंनी तिला विचारलं होतं, "पॉलिश पेपरने तेवढी नावं घासून काढूया का?"

"नको बाई. घासली तर उद्या म्हणतील, असं काही झालंच नव्हतं."

त्याला आता खूप वर्षं झाली. मी इतिहासाच्या वर्गात, कपाटावर असतो. माझी निगा राखतात, धूळ पुसतात, आणि त्याबद्दल मला तक्रार नाही. माझं मागणं दुसरंच आहे. दरवर्षी ग्रीकांचा धडा आला की बाई मला टेबलावर ठेवतात, खांदा मुलांकडे करतात आणि म्हणतात, "विचारा काय विचारायचं ते." मुलं वाकून वाचतात. आणि दरवर्षी पहिला हात वर होतो तो एकाच प्रश्नासाठी.

"बाई, या घुमीने काय केलं होतं?"

हे नाव कोणी लिहिलं, असं आजवर एकानेही आधी विचारलेलं नाही. बाई थांबतात. मीही थांबतो. पुढच्या वर्षी तुम्ही आठवीत येणार आहात.