मास्तरांची राखाडी पॅंट

शिंपीमास्तर रोज चालायला लागले, तर सगळ्यांत जास्त फायदा मास्तरीणबाईंचा होता. सकाळी दुकानात तासभर शांतता, रात्री घोरण्यापासून सुटका, आणि मुख्य म्हणजे लेकीकडे जोडीनं जाता आलं असतं. लेक चौथ्या मजल्यावर राहायची, आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. नात झाली, बाळसं धरून हसायलाही लागली, पण आजोबांनी तिला अजून हातात घेतलं नव्हतं. दुसऱ्याच मजल्यावर त्यांच्या छातीचा भाता सुरू व्हायचा. मग ते खाली रस्त्यावर उभे राहायचे, लेक गॅलरीतून बाळ दाखवायची आणि आजोबा हात हलवायचे. बाळ बहुधा समोरच्या झाडाकडे बघायचं.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं, "हृदय ठणठणीत आहे. बसून बसून गंज चढलाय तुम्हाला. रोज चाला. आधी थोडं, मग वाढवा. दम लागायचा कमी होईल, झोप लागेल."

"आणि पोट?"

"ते सगळ्यांत शेवटी ऐकतं."

हे शेवटचं मास्तरांनी सोयीस्करपणे कानाआड केलं. घरी येताच अट घातली, "चालतो. पण महिन्याभरात ही राखाडी पॅंट कमरेत सैल झाली नाही, तर पुन्हा चालण्याचं नाव काढायचं नाही."

"टेपनं मोजा की, अहो."

"शिंप्यानं स्वतःचं माप स्वतः घेऊ नये. पोट आपोआप आत जातं."

मास्तरीणबाई दुकानातल्या दुसऱ्या मशीनवर बसायच्या. पोट महिन्यात ऐकत नाही, हे त्यांना गिऱ्हाइकांच्या मापांवरून पक्कं ठाऊक होतं. त्यांनी वेगळा उपाय काढला. पॅंट इस्त्रीला आली की मागची शिवण उसवायची, आत राखून ठेवलेलं जादा कापड किंचित बाहेर सोडायचं आणि पुन्हा शिवायचं. शिवाय मास्तर कोपऱ्यावरच्या बाकावर बूड टेकून परत येतील, या धास्तीनं त्या स्वतःही कुरकुरता गुडघा सांभाळत सोबत निघायच्या.

"अगं, सैल लागतेय!" एका सकाळी मास्तर आरशासमोर म्हणाले.

"लागणारच. चालताय ना."

महिना उलटला तरी मास्तर थांबले नाहीत. बाक मागे पडला, मग बाग, मग नदीवरचा पूल. आणि एका रविवारी ते आपणहून म्हणाले, "चल, आज वर जाऊन येऊ."

दुसरा मजला आला. मास्तरीणबाईंनी थांबून कान दिला. भाता वाजेना. मास्तर एका हातानं कठडा आणि दुसऱ्या हातानं कंबर धरून चढत होते.

"कंबर दुखतेय का हो?"

"चढ तू गुपचूप."

चौथ्या मजल्यावर लेकीनं दार उघडलं आणि बाळ पुढे केलं. मास्तरांनी दोन्ही हात पसरले. नात हातात आली आणि राखाडी पॅंट गुडघ्यांवर उतरली.

"बाबा!" लेक ओरडली.

"ओरडू नकोस, दचकेल ती," मास्तर जागचे न हलता म्हणाले. "अगं, धर मागून. महिनाभर तूच सैल करत होतीस, आता तूच धर."

मास्तरीणबाईंनी पॅंट वर ओढली. "म्हणजे? तुम्हाला कळलं होतं?"

"तुझा टाका मी ओळखणार नाही? पहिल्यांदा उसवलीस तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर चालणं बंद करावं लागलं असतं. अट माझीच होती ना! आणि तेव्हा नुकतीच कुठे धड झोप लागायला लागली होती." मास्तरांनी नातीच्या टाळूला नाक लावलं. "पण गेल्या आठवड्यात मी तुझी सगळी शिवण होती तशी करून ठेवली. आज घसरली ती माझ्या हिमतीवर!"

मास्तरीणबाईंना हसू आवरेना. हसता हसता त्या खाली मांडी घालून बसल्या, आणि मग ध्यानात आलं की गुडघा कुरकुरलाच नाही.

नात आजोबांना मिळाली, झोप दोघांनाही मिळाली. सकाळची शांतता तेवढी मास्तरीणबाईंच्या पदरात पडली नाही, कारण मास्तर चालतानाही बोलतच असत. या सगळ्याची किंमत मोजली ती एकट्या राखाडी पॅंटनं. पुढच्याच आठवड्यात तिचे दोन्ही पाय कापून नातीच्या इवल्या विजारी झाल्या, कमरेत भरपूर कापड राखून.