उसातली हाक

नानासोची टोळी कोयते घेऊन बांधावर बसली होती, वारा कुठल्या अंगाचा आहे ते बघून झालं होतं, आणि कुत्रा त्या उसात होता.

नानासो माझ्या चुलत दिराचा मुलगा. मलकापूरच्या खालच्या अंगाला त्याचा आणि आमचा मळा लागून आहे. मी सून म्हणून आले तेव्हा आमच्याकडं उभा ऊस कुणी पेटवत नसे. बायका उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, वाढ्याच्या, पेंढ्या बांधून डोक्यावरून न्यायच्या, गोठ्यातली जनावरं त्यावर महिनाभर जगायची. आता गोठे रिकामे झाले आणि टोळी म्हणते, आधी पाला जाळा, मग आम्ही कोयता लावू.

"काकी, कारखान्याची गाडी लागलीया," नानासो म्हणाला. "किती थांबू? धूर बघितला की पळंल त्येच."

"पळाय पाय नको व्हय? मागचा पाय टेकत न्हाई त्येचा."

"मग काढा की लवकर. उद्या ही टोळी दुसऱ्याच्या फडात गेली तर माझा ऊस काय तुमचं कुत्रं तोडणार हाय?"

बांधावरची माणसं हसली. मला हसू आलं नाही.

कुत्रा माझ्या नातीनं, राजेश्वरीनं, आणला होता. ती आणि तिचा मित्र जयराज आणि आणखी दोघं-चौघं अशी टाकून दिलेली कुत्री उचलतात, बरी करतात आणि चांगलं घर बघून देतात. घर मिळेपर्यंत कुत्रं कुणाच्या ना कुणाच्या दारात ठेवायचं. हे माझ्या दारात आलं. सांगलीच्या बाहेर एका बंद पेट्रोल पंपाच्या खांबाला मालक त्याला बांधून निघून गेला होता. दोरी कुरतडून ते रस्त्यावर आलं आणि गाडीची धडक बसली. पाय मोडला तरी कुणाला जवळ येऊ देईना. मालकानं त्याला कुठल्या नावानं हाक मारली होती ते चहाच्या गाड्यावरच्या माणसानं ऐकलं होतं. राजेश्वरीनं त्याच नावानं गोड हाक मारली, ते लंगडत जवळ आलं, आणि जयराजनं मागून काठीच्या टोकाचा फास त्याच्या गळ्यात टाकला. भल्यासाठीच टाकला. पण तेव्हापासून या दोघांच्या तोंडून आपलं नाव ऐकलं की ते मागं सरायचं.

"आजी, रागावू नकोस," दारात गाडी थांबवून राजेश्वरी म्हणाली होती. "ह्याचं नाव गुंडा आहे. आम्ही नाही गं ठेवलेलं."

ते माझ्या मालकांचं नाव. लग्नात सगळ्यांनी दार अडवलं तेव्हा उखाण्यात एकदा घेतलं, पुढं हळदीकुंकवाला चार बायकांत लाजत घेतलं. एरवी कधी नाही. शेतातून त्यांना जेवायला बोलवायचं तरी "आवं, ऐकलं का" एवढंच. ते वारल्यावर मी पेन्शनच्या कामाला गेले, तिथला साहेब म्हणाला, नवऱ्याचं नाव सांगा. मी मुलाकडं बघत राहिले आणि त्यानं सांगितलं. मग कुत्र्याला त्या नावानं कशी हाक मारणार? मी त्याला "आरं ए" म्हणायची. ते ओ द्यायचं नाही, पण भाकरी माझ्याच हातची खायचं आणि माझ्याच पायाशी झोपायचं.

त्या दिवशी मेढ्याचं एक कुटुंब त्याला न्यायला येणार होतं. म्हणून जयराज सकाळीच आला, आणि येताना तीच फासाची काठी घेऊन आला. कुत्र्यानं काठी बघितली, दावं हिसडलं आणि तीन पायांवर नानासोच्या उसात शिरलं.

राजेश्वरी आणि जयराज आत शिरून हाका मारत होती. "गुंडा! गुंडा!" हाक जवळ गेली की पाला सळसळायचा आणि सळसळ आणखी आत जायची. फडाच्या पलीकडच्या टोकाला नानासोचा गडी केरबा काडेपेटी घेऊन उभा होता. नानासोनं त्याला सांगून ठेवलं होतं, हिकडनं टॉवेल हलवला की लाव.

हे जयराजला कुणी सांगितलं नव्हतं. तो घामाघूम होऊन बांधावर आला, गळ्यातला टॉवेल काढला आणि केरबाला "थांबा, थांबा" म्हणून जोरात हलवला.

"आरं, काय केलंस गड्या!" नानासो ओरडला.

पलीकडं धुराची एक बारीक रेघ उठली. मग पाला तडतडायला लागला. नानासो केरबाच्या नावानं शिव्या देत बांधावरून धावला, पण वाळल्या पाल्याला धरलेली आग कोण विझवणार? वारा आमच्याच दिशेनं होता. राजेश्वरी खोकत बाहेर आली, तिच्या गालांवर पाल्यानं कापल्याच्या रेघा होत्या.

"आजी, तू बोलव! आमच्या हाकेनं तो आगीकडं चाललाय."

मी सरीच्या तोंडाशी गेले. "आरं ए! ये रं, ये!" टोळीतली माणसंही तेच ओरडत होती, "ए, ये रं, ये ये!" त्या गलक्यात माझी हाक कुठली आणि त्यांची कुठली? आतून एकदा केकाटल्याचा आवाज आला. धूर डोळ्यांत शिरला.

"आजी, नावानं! नावानं हाक मार ना!"

मी तोंड उघडलं. पदर डोक्यावरून घसरला होता तो मी आधी सावरला. त्या घडीलासुद्धा सावरला. मग ज्वाळा उसाच्या वर दिसली.

"गुंडाऽऽ!"

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. टोळी एकदम गप झाली. "गुंडा! आरं गुंडा, हिकडं ये! म्या हाय हितं!" पुन्हा मारली, पुन्हा मारली. एवढ्या वर्षांत न मारलेल्या सगळ्या हाका एकामागून एक निघाल्यासारख्या निघत होत्या, आणि त्यातल्या किती कुत्र्यासाठी होत्या, देव जाणे.

सरीत पाला हलला. काळवंडलेलं तोंड दिसलं. ते पोटावर सरपटतच माझ्या पायाशी आलं. शेपटीचे केस जळून वास येत होता. जयराज पुढं झाला तशी मी म्हणाले, "ती काठी टाक पयली." त्यानं टाकली.

आग बांधापर्यंत येऊन आपोआप बसली. टोळीतली धोंडुबाई, आटपाडीकडची, मालकांच्या हयातीपासून तोडीला येणारी, माझ्याच वयाची, पाण्याची कळशी घेऊन आली. कुत्र्यावर पाणी ओतता ओतता म्हणाली, "म्हातारे, मालकाचं नाव घेतलंस की गं! ते बी बिनउखाण्याचं! साऱ्या शिवारानं ऐकलं."

"ऐकूदे," मी म्हणाले, आणि मला रडू आलं.

दुपारी मेढ्याहून विजयमाला नावाची बाई नवऱ्याबरोबर जीप घेऊन आली. शेपटीला मलम लावलेल्या कुत्र्यासमोर ती जमिनीवरच बसली, हात पुढं न करता. मला बरी वाटली.

"ठेवून घे ना, आजी," राजेश्वरी हळूच म्हणाली. "तुझं ऐकतो तो."

मी बांधावरच्या राखेकडं बघितलं. फडाफडातून अजून महिनाभर जाळ चालणार होता, आणि माझे गुडघे दर वेळी तिथवर पोचणार नव्हते.

"आमी ह्याला मोत्या म्हणू," विजयमाला म्हणाली.

"म्हणू नका," मी म्हणाले. "नाव हाय त्येला. ताट पुढं ठिवताना त्याच नावानं बोलवा. फसवायला मातुर कवा बोलवू नका."

तिनं मान हलवली. जीपचं दार उघडलं. कुत्रा चढेना, माझ्याकडंच बघत उभा राहिला.  राजेश्वरीनंही त्याला हाक मारली नाही.

"जा, गुंडा," मी म्हणाले. तो चढला.