कुंकू लागलेली डमी

मित्रांनो, लांबून पाहाल तर कुणीतरी गादी गुंडाळून मैदानात उभी केली आहे असं तुम्हाला वाटेल. मी गादी नाही. मी एक जुनी डमी आहे आणि मार खाणं हे माझं काम आहे. माझ्या अंगावर जाड निळं कापड आहे, पोटात फोम आणि चिंध्या आहेत, आणि बूड जड आहे. छातीवर बोटाएवढा एक लालसर डाग दिसेल. तो रंगाचा नाही, कुंकवाचा आहे. त्या डागाचीच गोष्ट सांगायची आहे. जरा घाईनं सांगेन, कारण स्वस्थ राहणं मला कधी जमलं नाही आणि मी जिथं राहते त्या गावालाही जमलं नाही.

माझा जन्म जालंधरचा. कारखान्यात माझ्या शेजारी क्रिकेटच्या पॅडांची रास होती, म्हणून मला वाटलं, आपणही क्रिकेटला जाणार. पण कंटेनरमधून मी उतरले ती थेट कतारात, दोह्याला. तिथं वर्ल्ड कप यायचा होता. जिकडं पाहावं तिकडं क्रेन उभ्या. आज ज्या रस्त्यानं जावं तो पुढच्या आठवड्यात खणलेला असायचा. आमच्या क्लबला कुठलंही मैदान फार दिवस लाभत नसे. जरा रुळावं तोवर कुणीतरी यायचं आणि सांगायचं की ही जागा आता वर्ल्ड कपच्या कामासाठी हवी आहे. मग क्लबचं सामान सांभाळणारा कमाल मला उचलून पिकअपमध्ये टाकायचा आणि म्हणायचा, "यल्ला, चलो."

वर्ल्ड कपचा फुटबॉल पायानं खेळतात हे तुम्हाला ठाऊक आहे. माझा फुटबॉल अमेरिकन. त्यात लांबट चेंडू हातात घेऊन पळतात आणि एकमेकांना धडका देतात. त्यात बचावाच्या फळीच्या अगदी टोकाला एक गडी असतो. त्याला डिफेन्सिव्ह एन्ड म्हणतात. चेंडू हलला रे हलला की त्यानं समोरच्या धिप्पाड गड्याला ढकलायचं, त्याच्या बाजूनं निसटायचं आणि मागं चेंडू घेऊन उभ्या असलेल्या माणसाला गाठायचं. सरावात तो धिप्पाड गडी म्हणजे मी.

माझ्यावर पुष्कळांनी धडका दिल्या. त्यांतला कैवल्य मला आवडायचा. उंच, लांब हातांचा, धडक द्यायचा ती खालून वर, सरळ माझ्या पोटात. तो दोह्यातच जन्मला, अल सद्दमधल्या फ्लॅटमध्ये वाढला, आणि कॉलेजातल्या अमेरिकन मुलांकडून हा खेळ शिकला. त्याचे वडील विजयकुमार मूळचे नाशिकचे. दोह्याशेजारच्या लुसैलमधल्या एका टॉवरच्या कामावर ते इंजिनियर होते. टॉवर पुरा होत आला होता आणि काम संपलं की त्यांचं इथलं राहणंही संपणार होतं. आई जयमाला तर मनानं केव्हाच नाशिकला पोचली होती. कैवल्यला मात्र नाशिक म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी एवढंच माहीत. नोकरी नसेल तर व्हिसा नाही आणि व्हिसा नसेल तर दोहा नाही.

अशात बातमी आली की आखातात सहा संघांची नवी व्यावसायिक लीग सुरू होणार. गल्लीत दोन कॅप्टन आळीपाळीनं गडी मागून घेतात ना, तसे हे संघ खेळाडू निवडून घेणार. त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्याआधी सगळ्या उमेदवारांची चाचणी होणार होती. दोह्याच्या संघानं कैवल्यला घेतलं तर त्याला पगार आणि व्हिसा दोन्ही मिळणार होते. तो धडका देत सुटला.

नेमकं तेव्हाच आमचं मैदान पुन्हा बंद झालं. कैवल्यनं कमालला विचारलं, डमी घरी नेऊ का? कमाल म्हणाला, "ले जा भाई, खलास." विजयकुमारांनी मला गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं. माझं वजन ओळखून गाडी टुणटुण वाजायला लागली, तेव्हा त्यांनी मुकाट्यानं मला पट्टा बांधला. इतक्या इतमामानं मी आधी कधी फिरले नव्हते. जयमालाबाईंनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या की हिला आधी पुसल्याशिवाय घरात घ्यायची नाही.

त्या आठवड्यात खंडेनवमी आली. त्या दिवशी ज्याच्यावर पोट चालतं त्या वस्तूची पूजा करतात, हे तुमच्या घरी पाहिलं असेल. जयमालाबाईंनी चौरंगावर विजयकुमारांचं हेल्मेट आणि मोजपट्टी ठेवली, लॅपटॉप ठेवला, स्वयंपाकघरातली विळी ठेवली. मी चौरंगावर मावत नव्हते, म्हणून मला शेजारी उभं केलं. त्यांनी माझ्या छातीवर हळदीकुंकू लावलं, फूल वाहिलं, आणि कैवल्यला माझ्या पाया पडायला लावलं. आयुष्यभर लाथाबुक्क्या खाल्लेल्या मला कुणी नमस्कार केला, तो त्या दिवशी पहिल्यांदा. मी फुगून गेले. माझ्या पोटात फोम आहे की अजून काही, असं मला वाटायला लागलं.

दसऱ्याच्या सकाळी जयमालाबाई अक्षता वाहून, वस्तू जराशा हलवून पूजा उतरवणार होत्या. पूजा उतरली की वस्तू पुन्हा कामाला मोकळी होते. पण कमालचा फोन आला की नवं मैदान मिळालंय, लगेच या. कैवल्यनं मला उजाडताच खाली नेलं. बाकी सगळ्यांची पूजा उतरली, माझी तेवढी राहिली.

आणि तिथंच सगळं बिनसलं. त्या दिवसापासून कैवल्यचा पाय मला लागला की त्याचा हात आपोआप खाली यायचा, माझ्या अंगाला लागायचा आणि छातीकडं जायचा. पाय लागला की नमस्कार करायचा, हे त्याला घरी लहानपणापासून शिकवलेलं. त्याला ते कळतही नव्हतं. मला कळत होतं आणि खरं सांगू, मला ते फार आवडत होतं. एवढी वर्षं मार खाल्ल्यावर धडकेमागून नमस्कार मिळाला तर कुणाला नको होईल?

थंडीत चाचणीचा दिवस उजाडला. सहाही संघांचे लोक खुर्च्या टाकून बसले होते. मुख्य परीक्षक डॅरेल नावाचे अमेरिकन कोच होते. हसू त्यांच्या ओठांपर्यंत यायचं आणि तिथूनच परत जायचं. व्हिडिओ काढायला आणि गुण टिपायला मृणालिनी नावाची मुलगी होती. ती पुण्याची. दोह्याच्या वेस्ट बे भागातल्या एका ऑफिसात कराराची नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी हे काम.

चाचणीसाठी कमालनं मलाच तिथं उभं केलं होतं. मला धडक देऊन पाडायचं आणि मागच्या झेंड्यापर्यंत पळायचं, एवढंच काम होतं. कैवल्यची धडक सगळ्यांत जोरदार होती. मी आडवी झाले. त्याचा पाय मला लागला आणि तो वाकला. क्षणभरच. पुन्हा धडक, पुन्हा वाकला. खुर्च्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. डॅरेलनी डॉक्टरांना बोलावलं. पोरगा धडकेनंतर हात गुडघ्याकडं नेतो, म्हणजे गुडघा दुखतोय, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. डॉक्टरांनी गुडघा दाबून, वाकवून पाहिला. काही सापडलं नाही. तेव्हा तर डॅरेलचा संशय जास्तच वाढला. हा मुलगा दुखणं लपवतोय, असं म्हणून त्यांनी त्याचं नाव यादीत पार खाली नेलं. कैवल्य बिचारा एकच सांगत होता की मला काही झालेलं नाही. तो वाकतो हेच त्याला ठाऊक नव्हतं, तर का वाकतो ते काय सांगणार!

मी तिथंच पडले होते. मला सगळं माहीत होतं आणि तोंड नव्हतं. माझ्या आवडीपायी पोराचं नुकसान होतंय हे कळल्यावर तो नमस्कार मला टोचायला लागला.

मृणालिनी मात्र तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहत होती. मध्येच तिचा पाय स्वतःच्या लॅपटॉपच्या बॅगेला लागला, तिचा हात खाली गेला, आणि ती तशीच थबकली. मग हसली. मग तिचा चेहरा उतरला. आपणही मराठी, तोही मराठी. बोललो तर आपल्या माणसाची बाजू घेतली म्हणतील, हे तिच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होतं. पण ती उठली आणि डॅरेलना सांगून आली की तो गुडघा नाही, नमस्कार आहे.

डॅरेलनी ऐकून घेतलं. मग विचारलं की सामन्यात दर धडकेला माणसं पडतात, हा प्रत्येकाच्या पाया पडणार आहे का? प्रश्न चुकीचा नव्हता. शेवटी त्यांनी जेवणानंतर एकच संधी द्यायचं कबूल केलं.

जयमालाबाई मैदानाकडेच्या पायऱ्यांवर कैवल्यचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डबा उघडलेला नव्हता. मृणालिनीनं त्यांना सगळं सांगितलं.

"अगं, म्हणजे हे मीच केलंय," त्या म्हणाल्या. "पूजा केली आणि उतरवायची राहिली. देव अजून तिच्यातच बसलाय, आणि माझं पोर पाया पडतंय."

कैवल्य म्हणाला, "आई, प्लीज, इट्स नॉट दॅट. मी कंट्रोल करीन."

"कंट्रोल करायला तुला कळतं तरी का कधी हात जातो ते?" असं म्हणून त्या मैदानात उतरल्या. साडीचा पदर खोचलेला, पायात घरच्या चपला, त्याही त्यांनी कडेला काढून ठेवल्या. संघांचे लोक बघत राहिले. जवळ अक्षता नव्हत्या. त्यांनी माझ्यापुढं हात जोडले, मग दोन्ही हातांनी मला धरलं आणि जागेवरून जरासं हलवलं.

"झालं तुझं काम," त्या हळूच म्हणाल्या. "आता तुला पाय लागला तरी चालेल. पुढच्या नवमीला परत ये."

मित्रांनो, मला रडू आलं. डोळे असते तर दिसलं असतं. मिळालेला एकुलता एक मान त्या माझ्याकडून काढून घेत होत्या, आणि त्या क्षणी मलाही तो काढून घेतलेलाच हवा होता.

जेवणानंतर शिट्टी झाली. कैवल्य आला. धडक अशी बसली की माझ्या बुडाची शिवण उसवली. मी पडले, त्याचा बूट थेट माझ्या छातीवर आला, कुंकवावरच, आणि तो निघून गेला. थांबला नाही, वाकला नाही, झेंडा गाठला. डॅरेलनी लिहिता लिहिता मान हलवली. पायऱ्यांवर जयमालाबाईंनी तेव्हा कुठं डबा उघडला.

ड्राफ्ट वेस्ट बेमधल्या हॉटेलात झाला. मला कोण नेणार? पण कमालनं येऊन सगळ्यांना सांगितलं की दोह्याच्या संघानं कैवल्यला घेतलं. टॉवर पुरा झाला, आईवडील नाशिकला गेले, कैवल्य राहिला. संघ आमच्याच मैदानावर सराव करू लागला आणि त्याच्यासाठी परदेशातून नव्या डम्या आल्या, गुळगुळीत, कोऱ्या. माझी उसवलेली शिवण तशीच राहिली आणि मी भिंतीशी आडवी पडले. पोरं माझ्यावर पाय ठेवून बुटाच्या नाड्या बांधायची. एकदा कैवल्यनंही बांधली. माझ्यावर पाय ठेवला, गाठ मारली आणि पळाला. चालेल असं त्याच्या आईनंच सांगितलं होतं. तरी मला वाईट वाटलं, उगाच खोटं का बोलू?

वर्ल्ड कप तोंडावर आला. शहर तर धावतच सुटलं होतं. अशा एका पहाटे कैवल्य सरावाच्या बराच आधी आला. हातात सुई, जाड दोरा आणि ओला टॉवेल. नवमी होती. त्यानं माझी शिवण घातली, वेडीवाकडी पण पक्की. मला पुसून उभं केलं. कुंकू त्याच्याकडं नव्हतं, स्वयंपाकातली हळद होती, ती चिमूटभर लावली. हात जोडले. मी मनात म्हटलं, अरे, आता पुन्हा वाकत बसू नकोस. तेवढ्यात त्यानं मला दोन्ही हातांनी धरलं आणि जागेवरून जरासं हलवलं, अगदी आईसारखं.

मित्रांनो, तुमच्याकडंही बॅट असेल, सायकल असेल, दप्तर असेल. त्यांना जपा, म्हणजे कपाटात कोंडून ठेवा असं नव्हे. त्यांना खुशाल झिजवा, पण उसवलं तर शिवा, आणि वर्षातून एकदा त्यांच्यापुढं थांबा. पळताना थांबू नका, पळायच्या आधी थांबा.

शिट्टी झाली. सरावाची वेळ झाली, कैवल्य मागं सरकलाय, हात जमिनीला टेकवलेत, नजर माझ्यावर आहे.

ये बाळा. मी उभी आहे.