तिच्या मनगटावर तो म्हातारा

मी एक स्मार्टवॉच बोलतोय. बोलतोय कसला, जळतोय. या चौकोनी काचेमागे जेवढी आग मावते, तेवढी सगळी आहे.

कारखान्यात मला पाण्यात बुडवून तपासलं होतं. माझ्या काचेच्या कडेनं एक बारीक रबरी पट्टी आहे, ती पाण्याला आत येऊ देत नाही. मी पास झालो आणि फुगून गेलो. त्या गुणानंच पुढे माझे हाल केले.

माझी मालकीण पोहायला शिकवते. पहिल्याच दिवशी मला हातात बांधून ती वडिलांना म्हणाली, "याला पाण्याचं काही होत नाही, बाबा." झालं. त्यानंतर तिनं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. तलावातलं औषध मारलेलं पाणी, शॅम्पूचा फेस, अंघोळीची वाफ, सगळं माझ्या अंगावर. बाबांनी एकदा विचारलं, "अगं, याला कधी धुतेस का?"

"दिवसभर पाण्यातच तर असतं. आणखी काय धुवायचं?"

आणि बाबांच्या हातात तो. किल्लीचं जुनं घड्याळ. थेंबभर पाण्यानं जीव जाईल असा नाजूक, वर रोज पाच मिनिटं मागे. पण बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं, पुसण्याची हौस दांडगी. रोज सकाळी मऊ फडक्यानं ते त्याची काच पुसायचे, किल्ली द्यायचे आणि त्याला कानाशी धरायचे. पावलं मी मोजायची, झोप मी मोजायची, लाड मात्र त्याचे.

मग बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. लेकीला पोहायला त्यांनीच शिकवलं होतं, आता आठ महिने ते काठावरच्या बाकावर बसून पाण्याकडे बघत होते. अखेर डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. ठोके एकशेदहाच्या आत असतील तोवर पाण्यात, वर गेले की लगेच बाहेर. मोजायचं काम माझ्याकडे आलं. म्हटलं, आता कळेल कोण कामाचं ते.

बाबांनी आपल्या लाडक्याला टॉवेलात गुंडाळून बाकावर ठेवलं. मालकिणीनं मला त्यांच्या हातावर बांधलं. ते पायरीपाशी गेले आणि मी आकडा दाखवला. एकशेसाठ.

"बाबा, मागे या. आज नको."

"अगं, अजून पायसुद्धा भिजला नाही माझा."

बाबा बाकावर बसले. मानेवर दोन बोटं ठेवून, टॉवेल उलगडून त्या घड्याळाकडे बघत त्यांनी मिनिटभर मोजलं. "माझा म्हातारा अठ्ठ्याहत्तर म्हणतो."

"तुमचा म्हातारा रोज पाच मिनिटं मागे पडतो."

"मागे पडतो, पण बरळत नाही."

ते वाक्य मला अजून टोचतं. तरीही तिनं त्यांना पाण्यात उतरू दिलं नाही. बाबा कोरडाच टॉवेल खांद्यावर टाकून घरी आले.

मी खोटं बोललो नव्हतो हो. माझ्या पाठीवरचा दिवा कातडीखालचं रक्त पाहतो. त्या दिव्यावर साबणाचा थर चढला होता. मला धड दिसतच नव्हतं.

घरी बाबांनी मला उलटं केलं. "पाठ बघ याची." मालकिणीनं पटकन फडकं उचललं.

"थांब. कोरडं पुसायचं नाही, ओरखडे पडतात. आधी धुवायचं, मग पुसायचं. आयुष्यभर गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो, आता घरात सांगायची वेळ आली."

त्यांनी पट्टा सोडवला. नळाच्या साध्या पाण्याची बारीक धार, मऊ ब्रश, साबण अजिबात नाही. मग पुसलं ते म्हाताऱ्याच्याच फडक्यानं. त्याची टिकटिक जरा वाढल्यासारखी वाटली मला. पूर्ण वाळेपर्यंत मला चार्जरला लावलं नाही.

"आतलं रबरही म्हातारं होतं, बाळा. साबणानं, वाफेनं. पाणी सोसतं म्हणून कायम सोसेलच असं नाही."

तिनं मला हातात घेऊन माझ्या पाठीवरून बोट फिरवलं. "माझ्यामुळे तुमचा आजचा दिवस गेला."

"उद्या आहे की."

दुसऱ्या दिवशी पायरीवर मी दाखवलं, एक्क्याऐंशी. बाबा हसले. पण बाक ओला होता, म्हाताऱ्याला ठेवायचं कुठे? "द्या इकडे," असं म्हणून मालकिणीनं त्याला आपल्या मनगटावर बांधलं. माझ्या पट्ट्यामुळे जिथे कातडी फिकी पडली आहे, नेमकं तिथे.

बाबांच्या शेजारी ती कमरेपर्यंत पाण्यात उतरली, आणि तो हात तिनं डोक्याच्या वर धरला. मला हजार वेळा न बघता बुडवणाऱ्या बाईनं.

मनात आलं, एकदाच एकशेवीस दाखवावं. सगळं सोडून धावत येईल माझ्याकडे. तेवढ्यात बाबांनी पाण्यात पहिला हात मारला. आठ महिन्यांनी. माझ्या पाठीशी त्यांचं रक्त धावत होतं, आणि मला ते लख्ख दिसत होतं. ब्याण्णव. मी ब्याण्णवच दाखवलं.

आता मला रोज धुतात. तरी जळणं काही गेलं नाही. तुमच्या हातात माझा कुणी भाऊबंद असेल, तर पोहून आल्यावर, घाम गाळून आल्यावर त्याला साध्या पाण्यानं धुवा आणि नीट कोरडं करा. आणि जमलं तर एखाद्या सकाळी कानाशीही धरा. आम्हाला टिकटिक करता येत नाही. तरी धरा.