घड्याळवाली अशी जायची नाही

मावशीचा संध्याकाळचा नेम असा, की देवापुढं दिवा लागला की तोंड बंद, ते जेवणं उरकेपर्यंत. देवाशी बोलून झाल्यावर लगेच माणसांशी काय बोलायचं, असं तिचं म्हणणं. आठची मालिका नेमकी त्या मौनात यायची. तिला उत्तर देता येत नाही हे बघून घरातले तिच्या लाडक्या घड्याळवालीची यथेच्छ टिंगल करायचे.

घड्याळवाली म्हणजे मालिकेची नायिका. नवऱ्यानं तिची अवजारं विहिरीत फेकली, तशी ती नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडली आणि एका जिन्याखाली हातभर जागेत घड्याळं दुरुस्त करत बसली. घरमालकानं टेबल रस्त्यावर भिरकावलं, तर तिथंच ते मांडून तिनं गिऱ्हाइकाला विचारलं, "सेल बदलायचा की काच?" त्या दिवशी मावशीनं टाळी वाजवली होती. मौनात टाळी चालते.

दुसऱ्या दिवशी कामावर, शिवणखोलीत काजं-बटणं करता करता ती मशीनवरच्या बायकांना सगळा भाग रंगवून सांगायची. नऊच्या मालिकेतली सून नुसती मुळूमुळू रडते, साडेनऊचा इन्स्पेक्टर दारात उभा राहून दार कुठंय विचारतो. घड्याळवालीची सर कुणाला नाही.

भाची माहेरी येऊन राहिली तेव्हापासून तीही मावशीशेजारी बसायला लागली. तिचा नवरा कामावर जाताना तिला आत ठेवून बाहेरून कुलूप घालायचा. एकदा गॅसची नळी गळाली, तेव्हा शेजाऱ्यांनी दार फोडून तिला बाहेर काढलं. ताई आणि भावोजी, म्हणजे भाचीचे आईबाप, थोडे दिवस गप्प राहिले. मग लोक काय म्हणतील, हे सुरू झालं. रविवारी जावई न्यायला येणार असं ठरलं. ठरवताना भाचीला कुणी विचारलं नाही.

आणि शुक्रवारी मालिकेत आक्रीत झालं. नवऱ्यानं छातीवर हात दाबला, आणि घड्याळवाली चालू दुकान सोडून, बॅग उचलून, थेट त्याच्या उशाशी जाऊन बसली. ताईनं डोळे पुसले.

भावोजींना आयतं कोलीत मिळालं. "बघ! एवढी ताठ मानेची बाई, शेवटी वळली ना घराकडं? मग तू कोण मोठी लागून गेलीस?"

भाचीचा घास हातातच राहिला.

"ती अशी जायची नाही."

सगळे थांबले. आवाज बारीकच होता, पण मावशीचा होता, आणि जेवणं अजून व्हायची होती.

"अगं, तुझं मौन!" ताई दचकली.

"देवाला सांगीन मी काय ते. ती जायची नाही, भावोजी."

"अगं, गेली की! आत्ता डोळ्यांदेखत गेली!"

"नेली तिला. भर रस्त्यात टेबल मांडणारी बाई ती. त्या मेल्यानं छाती धरली म्हणून जाईल होय? फार तर औषध पाठवील. आणि पोचल्याची पावती मागून घेईल."

भावोजी खो खो हसले. "ज्यानं तिला लिहिली, त्या लेखकापेक्षा तुला जास्त कळते का ती?"

"न कळायला काय झालं? जन्म दिला म्हणून बापाला लेक कळते, असं थोडंच आहे?"

भावोजींचं हसू जागच्या जागी वाळलं. ताई पाणी आणायला म्हणून उठली, ती आतच उभी राहिली.

भाचीनं हळूच विचारलं, "मग ती काय म्हणाली असती गं, मावशी?"

"तिचं ती बघेल. तू तुझं बोल."

रविवारी जावई फळांची पिशवी घेऊन आला. चहा झाला. "चल, आवर," तो म्हणाला. मावशीला वाटलं, आता एखाद्या भागातलं झणझणीत वाक्य येणार. पण भाची अडखळली, कपाळावरचा घाम पुसला, आणि तिला जमेल तसं बोलली. "मला तो गॅसचा वास अजून येतो. झोपेतसुद्धा. मी नाही येणार."

"अगं, काळजीपोटी लावायचो मी कुलूप..."

"नाही येणार म्हटलं ना."

जावयानं सासऱ्याकडं पाहिलं. भावोजी उठून उभे राहिले. मग म्हणाले, "जावईबापू, जाताना ती पिशवी न्या. पोरगी राहील इथंच."

सोमवारी दिवा लावण्याआधी भाचीनं मावशीला गाठलं. "आता नाही ना बघणार ती मालिका? बिघडवलीच त्यांनी."

"बघणार तर! तिला न विचारता नेलंय तिथं. हे माहीत असलेलं एक तरी माणूस समोर नको का बसायला?"

एवढं बोलून मावशीनं दिवा लावला आणि तोंड मिटलं. आठ वाजले. पडद्यावर घड्याळवाली नवऱ्याला चमच्यानं औषध पाजत होती. भावोजी चाचरत म्हणाले, "बंद करू का?"

मावशीनं त्यांच्या हातातला रिमोट ओढून घेतला आणि आवाज वाढवला.