पिंपातलं न दिसणारं पाणी

खंडेनवमीला आमच्या प्लँटमधल्या यंत्रांची जेवढी अंघोळ होते, तेवढी कारकुनांची वर्षभरात होत नसेल. यंदा तर फोरमन सर्जेरावमामांनी टोल्युइनची, म्हणजे पेट्रोलसारख्या पेट घेणाऱ्या द्रवाची, रिकामी पिंपंसुद्धा घासून काढली. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ, सगळं रीतसर झालं. मग त्याच पिंपांत नवं टोल्युइन भरलं.

दसऱ्याची सुट्टी संपवून मी यवतहून आले आणि लॅबमध्ये पहिला नमुना तपासला. दिसायला काचेसारखा स्वच्छ, पण यंत्रावर पाण्याचा आकडा नेहमीच्या कितीतरी पट. पुन्हा तपासला. तेच! तेवढ्यात मामा दारात दिसले.

"मामा, पिंपं कशानं धुतली?"

"शेजारच्या शेडमधला मेणासारखा पांढरा साबण न्हाई का, त्यानं! तेलाचा डाग ठेवत न्हाई बघ. मग पाणी मारून उपडी घातली."

आकड्याचा अर्थ मला लागला. साबणाच्या रेणूचं डोकं पाण्याच्या ओढीचं, शेपूट तेलाच्या ओढीचं. पाण्यात शेपट्या आत लपतात. टोल्युइनमध्ये सगळं उलटं होतं. डोकी आत एकत्र येतात, शेपट्या बाहेर राहतात, आणि मधल्या पोकळीत पाणी मुठीत धरल्यासारखं जपलं जातं. त्या मुठी इतक्या बारीक की द्रव पारदर्शकच दिसतो. एरवी पाणी मुकाट तळाशी बसतं आणि कुणालाही दिसतं.

माझे यजमान रोहिदास रिअॅक्टरवर आहेत, आणि त्यांचा सगळा भरवसा त्या तळावर. काचेच्या नळकांड्यात टोल्युइन घ्यायचं, उजेडाला धरायचं, खाली थर नसला की सोडियम टाकायचा. "तुझा रिपोर्ट येईस्तवर माझी शिफ्ट संपंल," असं चिडवतात मेले! सोडियमला पाणी लागलं की हायड्रोजन आणि आग, आणि भोवती त्याच पिंपांतलं रिअॅक्टरभर टोल्युइन.

आत मोबाइल नेता येत नाही. नमुन्याची बाटली घेऊन मी पळत सुटले. वाटेत प्रत्येक पावलाला वाटत होतं, आता आवाज होईल.

रोहिदास रिअॅक्टरच्या जाळीवर उभे होते. झाकण उघडं, सोडियमचा डबा हातात.

"अहो, टाकू नका! पाणी आहे त्यात!"

"घाबरट कुठली! आत्ताच बघितलं. थेंब तरी दिसतोय का?"

"दिसणार नाही. साबणानं धरून ठेवलंय. पाया पडते तुमच्या, आधी बाहेर या."

माझा रडवेला चेहरा बघून ते डबा घेऊन खाली उतरले, तेही हसतच. मागोमाग धापा टाकत मामा आले. शेडपासून लांब, मोकळ्या आवारात मी बाटली जमिनीवर ठेवली. मामांनी चिमट्यानं डब्यातला शेंगदाण्याएवढा तुकडा उचलून आत टाकला.

तुकडा तळाशी गेला. क्षणभर काहीच झालं नाही आणि माझीच मला लाज वाटली. मग त्याच्या अंगावरून बारीक बुडबुडे सुटले, एकामागून एक, थांबेचनात. त्या स्वच्छ द्रवात फसफस ऐकू यायला लागली.

रोहिदासांचं हसू गेलं. त्यांनी मागं वळून शेडकडे पाहिलं.

"किती टाकणार होता?" मी विचारलं.

"सगळा डबा."

मामा मातीत खाली बसले. मी झाकण लावून डबा घ्यायला गेले, तर तो हातातून निघेना.

"सोडा की आता."

"सोडतोय गं," ते म्हणाले. "बोटंच उघडंनात."